अण्णाची जीप आणि गाढवचढ

माळावर जीप लावून मी किल्ली फिरवली. मागच्या गाड्याही एकेक करून गप्प झाल्या. मग वारा तेवढा राहिला, आणि ओढ्यापलीकडच्या रानात कापून पसरलेल्या तंबाखूचा वास. शहरातून आलेली माणसं अशा वेळी डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि काय शांतता आहे म्हणतात. निपाणीच्या या माळावर माघात तसा श्वास घेतला की पुढच्या क्षणी शिंक येते, ते सोडा. पण शांतता मला सोसत नाही. मी खाली उतरले, जीपभोवती फेरी मारली, आवळलेला दोर पुन्हा आवळला, चाकांवर लाथ मारून बघितली. तंबू नंतर ठोकू म्हणाले सगळे, मी तेवढ्यात दोन खुंट्या ठोकून मोकळी.

अण्णा मात्र अजून सीटवरच होता, पुढची दांडी धरून. इंजिन बंद झालेलं त्याला कळलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं समोरच्या पत्र्यावर तळवा टेकला, थरथर नाही हे बघितलं, आणि मग उतरला.

अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही बेळगावच्या वडगावातले, विणकरांचे. मागांनी आमच्या घराला भात दिला आणि अण्णाचे कान नेले. जीप त्याची. आणि सोमवारी कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाणार होतं.

हे त्यानं आम्हाला जेवताना सांगितलं होतं, मीठ मागावं तसं.

"जिचा आवाज मला येत न्हाय, ती गाडी माझी कशी?" म्हणाला.

मग मला दे, असं मी म्हटलं, म्हणजे ओरडले. त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. त्यानं ताटाकडं बघत सांगितलं की तुला इन्शुरन्सच्या हापिसला जायला स्कूटर हाय की. मी उठून गेले नाही. आमच्या घरातली पहिली बी.कॉम. मी आहे, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. एकदा धरलं की सोडत नाही, हेही त्यातलंच. शेवटी एवढं ठरलं की जीपवाल्यांच्या क्लबच्या यंदाच्या शनिवार-रविवारला गाडी मी चालवायची, तो शेजारी बसणार. आणि गाढवचढ मी दुसऱ्या गाडीच्या दोराशिवाय चढले तर तो विचार करील. देईन म्हणाला नव्हता. विचार करीन, एवढंच.

गाढवचढ म्हणजे ओढ्यातून माळावर येणारी उभी वाट. खाली गोटे, मधे चिखल, वर मुरूम. ओझ्याचं गाढव तिथं बसकण मारायचं म्हणे. क्लबातल्या प्रत्येकाची एकदा तरी तिथं फजिती झालेली आहे. अण्णाची कधी झाली नाही.

तो गाडी कानानं चालवायचा. हे मी मोठेपणा सांगायला म्हणत नाही, त्याच्या शेजारी बसून बघितलंय. इंजिनाचा सूर जरा खाली आला की त्याचा पाय आपोआप उचलला जाई. बाकीचे चाक कुठं आहे ते बघायला मान बाहेर काढत. हा सरळ समोर बघायचा, देवळात आरती ऐकत उभारल्यासारखा.

आमची गल्ली म्हणजे तेव्हा सगळी मिळून एकच मशीन होती. उजाडायच्या आत पहिला माग सुरू व्हायचा, मग शेजारचा, मग समोरचा. खटखट भिंतीत शिरायची, भिंतीतून फळीवरच्या तांब्यात, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठायच्या. धाग्याला लावायच्या खळीचा आंबूस वास, ओल्या सुताचा वास, तेलाच्या चिंध्यांचा वास. दारात रंगवलेल्या लडी वाळत घातलेल्या. त्यांच्या खालून वाकून शाळेला जायचं आणि वाकूनच परत यायचं. कधीकधी खांद्यावर जांभळा थेंब पडलेला असायचा. दुसऱ्या मुलींच्या अंगाला पावडरचा वास, आमच्या अंगाला खळीचा.

वीज गेली की गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायची. माग चालू असताना गाढ झोपणारी पोरं. आम्हाला शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं.

म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये माझे हाल व्हायचे. सगळं येत असायचं, पण त्या गप्प खोलीत डोकं चालायचं नाही. मी बोटांनी बाकावर ठेका धरायची आणि मग उत्तर सुचायचं. पर्यवेक्षक येऊन दटावून जायचे. मी तळव्याखाली ठेका धरून पेपर लिहिले आणि पास झाले. माझा टोपी-झग्यातला फोटो आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मागाच्या खोलीतच लावला. दर आठवड्याला त्याच्यावर सुताचा भुगा बसायचा आणि आई पदरानं पुसायची.

जीप आली तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. कॅम्पातल्या लिलावात निघालेली मिलिटरीची गाडी, टप फाटलेला, हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग. अण्णाला साड्यांचे गठ्ठे शहापूरच्या दुकानांत पोचवायला काहीतरी हवं होतं. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आप्पा म्हणाले, "साड्या वहायला रणगाडा आणलाय पोरानं." पुढं वर्षभर गल्ली तिला रणगाडाच म्हणायची.

गठ्ठ्यांवर बसून मी किती फिरले. खासबागातून, शहापूरच्या बोळातून, जिथं जीप शिरली की दोन्हीकडची माणसं पायऱ्यांवर चढून उभारायची. खाली नवी साडी, वर मी, माझ्यावर ताडपत्री. नव्या जरीला एक वास असतो, कोरडा, ओठाला धातू लावल्यासारखा. तो आणि पेट्रोलचा वास एकात एक मिसळलेले. आता दुकानात गेले तर साडी नाकाशी धरून बघते. दुकानदार चमत्कारिक बघतो. वास येत नाही. येतो, पण अर्धाच.

खंडेनवमीला माग बंद असायचे. मागांना हळदकुंकू, सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याला झेंडूची माळ, आणि खोलीच्या दारात जीप आणून लावलेली, तिच्या बॉनेटवर नारळ. पूजा केलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत कामाला लावायचं नाही, म्हणून जीपही नाही. तो दिवस गल्लीला जड जायचा. सगळं गप्प, आणि माणसं मात्र सवयीनं एकमेकांशी ओरडूनच बोलत असायची. दुसऱ्या दिवशी अण्णा आम्हाला जीपमध्ये कोंबून गावाबाहेर न्यायचा. आपट्याची पानं घेऊन परत येताना तो मुद्दाम बांधावरून, चरातून गाडी घालायचा. आई देवाचं नाव घ्यायची. मी अजून, अजून म्हणायची.

गाडी शिकले येळ्ळूरकडच्या उघड्या रानात. अण्णा शेजारी बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. मागाच्या खोलीत शब्द कामाचा नसतो, तिथं आम्ही हातांनीच बोलायचो. दोन बोटं चोळली की धागा तुटला. करंगळी उभी केली की कांडीवरचं सूत संपत आलं. नाकाला हात लावला की आई बोलावतेय. आडवा तळवा सावकाश खाली दाबला की ताण जास्त झालाय, हलक्या हातानं घे. गाडीतही त्यानं तेच हात वापरले. क्लच कसा सोडायचा हे मला आडव्या तळव्यानं कळलं. पुस्तकात वाचलं असतं तर कळलं नसतं, आणि मी पुस्तकं पुष्कळ वाचलीत.

मग क्लब निघाला. क्लब हा शब्द नंतरचा. आधी नुसत्या चार जुन्या जीप आणि रविवार. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार आमचे म्होरके, आणि ज्यांच्या माळावर मुक्काम पडायचा ते निपाणीचे तंबाखूवाले पाटील. पहिल्या वर्षी अण्णानं मला बरोबर घेतलं तेव्हा पाटलांनी समाधानानं मान हलवली, की बरं झालं, भाकऱ्यांची सोय झाली. अण्णा म्हणाला, "माझी भैन भाकऱ्या करायला न्हाय, गाडी ढकलायला आलीया." मी दोन्ही केलं. तीन दगडांची चूल, धुरात तंबाखूचा झणका, सगळे शिंकत शिंकत झुणका खातायत. दिवसभर एका गाडीनं दुसरीला ओढायचं, ओढणारी रुतली की तिसरीनं. संध्याकाळी कपड्यांचा रंग कुणालाच सांगता यायचा नाही. परत जाताना बेळगाव जवळ आलं की मी मागं वळून बघत राहायची. अजून एक ओढा असता तर, असं वाटायचं.

आता गाड्या मोठ्या आहेत. एका गाडीत फ्रीज आहे. एकात अंघोळीचं गरम पाणी. पोरं चांगली आहेत, मला आक्का म्हणतात, आपापसांत कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, फोनवर इंग्रजी. फोन या माळावर सारखा राज्य बदलतो. इकडं पाऊल टाकलं की कर्नाटकात स्वागत, तिकडं टाकलं की महाराष्ट्रात. कुणी बघतही नाही. आमची जीप सगळ्यांत बुटकी. पोरं तिच्याबरोबर फोटो काढून घेतात, आजीबरोबर काढावा तसा. अण्णा फोटोत हसतो आणि मग लांब जाऊन उभारतो.

मागही गेले. खोलीला कुलूप नाही, आत सायकली आणि पाण्याची टाकी. मला अलीकडं सकाळी जाग येते आणि काय चुकलंय ते कळत नाही. मग कळतं.

रविवारी सकाळी चहा पिऊन सगळे ओढ्यात उतरलो. दव पडलेलं होतं, पसरलेली तंबाखूची पानं ओलीच होती, आणि ओल्या पानाचा वास सुक्यापेक्षा खोल जातो, घशात बसतो. चिखलात पकड यावी म्हणून चाकांतली हवा कमी केली. फुस्स करून हवा सुटताना अण्णा प्रत्येक चाकाशी वाकून हात धरून बघत होता. पूर्वी त्याला ऐकून कळायचं.

चढणीच्या वर सुभेदार उभे राहिले, शिट्टी तोंडात. क्लबचा नियम असा की वरून एकानंच खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी तोंड मिटायचं. पहिला भाग सगळे पाळतात.

मोठ्या गाड्या चढून गेल्या. आमची पाळी आली. अण्णा शेजारी बसला, दांडी धरली. मी फोर-व्हील टाकला, खालचा गिअर टाकला आणि निघाले. गोटे पार झाले. चिखलात पुढची चाकं गेली, मग मागची, आणि गाडी जागच्या जागी फिरायला लागली. इंजिन गर्जायला लागलं.

इथं कुणीही पाय उचलला असता. गाडी एवढी ओरडली की माणूस घाबरतो. मी घाबरले नाही. आवाज वाढला तसं माझं मन निवांत होत गेलं. वाटलं सगळं सुरळीत चाललंय, सगळे माग चालू आहेत, कुठं काही तुटलेलं नाही. मी पाय दाबतच राहिले. सुभेदारांची शिट्टी वाजत होती ती मला त्या आवाजाचाच एक भाग वाटली. चाकांनी स्वतःचे खड्डे खणले आणि जीप पोटावर बसली.

क्लच जळल्याचा वास आला तेव्हा कुठं मी भानावर आले. बंद केली.

वरून पाटलांनी हाक दिली की बी.कॉम.ला हा धडा नव्हता वाटतं. पोरं हसली, वाईट हसली नाहीत, पण हसली. सुभेदारांनी एकाला दोर आणायला सांगितलं. मी अण्णाकडं बघितलं. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. इंजिन गर्जत होतं हे त्याला ऐकूच आलं नव्हतं. गाडी बसत गेलेली तेवढी त्याला बुडाखाली कळली होती. दोर म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. दोर लागला की सोमवार.

तो उतरला. चिखलातून चालत बाजूला गेला. मला वाटलं चालला तंबूकडं. मी मागून हाक मारली, मग आठवलं की हाक मारून उपयोग नाही.

तो तंबूकडं गेला नाही. कडेनं, मुळं धरून धरून चढला आणि सुभेदारांपाशी जाऊन उभारला. काहीतरी बोलला. सुभेदारांनी शिट्टी तोंडातून काढली, दोरवाल्या पोराला हातानं थांबवलं आणि स्वतः दोन पावलं मागं झाले. पलटणीतला माणूस असा मागं होताना मी पहिल्यांदाच बघितला.

मी फावडं घेऊन चाकांपुढचा चिखल ओढला, चपटे दगड सारले. मग बसले, किल्ली फिरवली. वर अण्णा होता. दोन्ही पाय फाकून, हात खाली सोडून. धोतर नाही, बंडी नाही, नातवानं दिलेला क्लबचा टीशर्ट, पण उभारणं तेच, दोन मागांच्या मधल्या बोळातलं.

त्यानं हात वर केला आणि मी क्लच सोडला.

गाडी हलली, चाकं फिरायला लागली, आवाज चढला. त्यानं तळवा आडवा केला आणि सावकाश खाली दाबला. माझा पाय उचलला गेला. मी उचलला असं म्हणणार नाही. आवाज खाली आला आणि मला भीती वाटली, खरी भीती, वीज गेल्यावरची. तळवा तसाच खाली होता. मी पाय दाबला नाही. गाडी गुरगुरत, अगदी हळू, चिखलाला चिकटून राहिली.

मग त्यानं दोन्ही हात पुढं धरले आणि एका हाताचं बोट दुसऱ्याकडं सरकवलं, परत, परत. धोटा. इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी चाक डावीकडं वळवलं, उजवीकडं, डावीकडं, थोडं थोडं, त्याच्या बोटाबरोबर. टायरच्या कडांना काहीतरी सापडलं. गाडी एक हात पुढं आली. मग आणखी एक. धोटा थांबला नाही. करंगळी उभी झाली, म्हणजे आता संपत आलं, सांभाळ. आणि पुढची चाकं मुरमावर आली, खडखडली, आणि समोर अण्णाच्या जागी एकदम आभाळ होतं.

वर आल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले की आयला, हे कुठलं ट्रेनिंग? मी म्हटलं, वडगावचं.

गाडी बाजूला घेतली. अण्णा आला, बॉनेटवर हात ठेवून उभारला. बॉनेट तापलं होतं, तरी हात काढेना. मला घाई झाली होती. मला सगळं आत्ताच्या आत्ता ठरायला हवं होतं. काय विचार केलास, असं मी तोंड मोठं करून विचारलं, त्याला ओठ दिसावेत म्हणून.

तो म्हणाला, "तू चालवशील गं. ते म्हाईत होतं मला. पुढं कोण उभारंल, त्याचा घोर होता."

"तू उभार."

"मला गाडीचा आवाज येत न्हाय, बाई. कितीदा सांगू."

"मला तुझा हात दिसतोय न्हवं," मी म्हटलं.

हे मी ओरडून म्हटलं नाही. विसरले. पण त्यानं ओठ वाचले असावेत, कारण मान वळवली, नाक शिंकरलं आणि तंबाखूला शिवी दिली. वारा त्या वेळी उलटा होता, तंबाखूचा वास येतच नव्हता.

बराच वेळ तो जीपभोवती फिरला. मीही त्याच्या मागं फिरले. मला एका जागी उभं राहता येत नव्हतं. चाकाला चिकटलेला चिखल त्यानं काडीनं काढला, उगाचच, कारण अजून परतीचा ओढा बाकी होता. मग खिशातून फोन काढला, मला नंबर लावून द्यायला सांगितलं. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा.

फोनवर अण्णा नुसता बोलतो. ऐकत नाही, ऐकू येतच नाही. पलीकडचा बोलत असला तरी हा आपलं बोलणं पुरं करतो. त्यानं फोन तोंडासमोर धरला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नमस्कार. वडगावचा जीपवाला बोलालोय. जीप इकायची न्हाय. घरात लागती. राग मानू नगा. नमस्कार." खाली ओढ्यात चहाची भांडी घासणाऱ्या पोरांनी माना वर केल्या.

फोन बंद कसा करायचा ते त्याला सापडेना. तोवर पलीकडचा माणूस बोलत होता, आणि मी जवळच होते, मला सगळं ऐकू आलं. शब्द काय असतो, विणकरांची जात काय असते, सोमवारची सुट्टी कुणी भरून द्यायची, बरंच काही. अण्णा फोनकडं बघत उभा होता, अंगठा वर करून, कुठं दाबायचं ते शोधत. मी हात पुढं करून बंद केला.

"काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"बरं म्हणाला," मी सांगितलं.